फावडं उचलण्याआधी

पाऊस वाढला की दर जुलैत माझ्या फोनवर साधारण एकच मेसेज येतो. ‘ताई, आम्ही आठ-दहा जण आहोत, गाडी आहे, पुरात मदतीला कुठे जाऊ?’ कुठे जायचं ते सांगणं सोपं असतं. तिथे पोचल्यावर पहिल्या तासात काय करायचं नाही, हे सांगायला मला वेळ लागतो, कारण तेव्हा मला एक स्टेशनरीचं दुकान आठवतं.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी चिपळुणात भरलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, रत्नागिरीला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. घर देवरुखला, म्हणजे चढावर. आमच्या उंबऱ्याला कधी पाणी लागलेलं नाही. पूर मी टीव्हीवरच पाहिला होता, आणि २००५ च्या २६ जुलैच्या गोष्टी मोठ्यांकडून ऐकल्या होत्या. २००५ चं पाणी जिथवर चढलं होतं, त्या खुणेला चिपळूणच्या दुकानदारांच्या हिशेबात फार महत्त्व होतं. माल त्या खुणेच्या वर चढवला की सुटलो, असं बऱ्याच जणांनी धरलं होतं. २०२१ चं पाणी ती खूण ओलांडून गेलं.

आम्ही सहा जण २५ तारखेला पोचलो. गमबूट फक्त दोघांकडे होते, मी सँडलवर. (यावर पुढे बोलते, आत्ता हसू नका.) चिंचनाक्यापासून बाजारपेठेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भिजलेल्या सामानाचे ढीग आणि सगळीकडे तो वास. एका दुकानासमोर साठीतले एक काका खुर्ची टाकून नुसते बसले होते. शटर अर्धं वर, आत गुडघाभर चिखल. कोरोनामुळे शाळा बंद, त्यामुळे आदल्या वर्षीच्या वह्यांचे गठ्ठेही तसेच पडून होते. आता ते सगळे फुगून एकमेकांना चिकटले होते. ‘काका, आम्ही करतो, तुम्ही बसा,’ असं म्हणून आम्ही आत घुसलो.

चार तासांत दुकान रिकामं. वह्या, रजिस्टरं, कंपासपेट्या, भिजलेली झेरॉक्स मशीन, गल्ल्याखालच्या फायली, सगळं बाहेर. फरशी दिसायला लागली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, हे लिहितानाही लाज वाटते. संध्याकाळी जेसीबी आला आणि ढीग डंपरमध्ये गेला. काकांनी आम्हाला कुठून तरी चहा आणून पाजला.

दुसऱ्या दिवशी आमच्या टीममध्ये आप्पा आले, निवृत्त तलाठी. गाडीतून उतरल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, ‘पंचनामा झाला होता का त्याचा?’

आम्ही सहा जणांनी एकमेकांकडे पाहिलं.

काकांचा विमाही होता. विम्याचा सर्व्हेयर बुधवारी आला. समोर धुतलेली फरशी आणि रिकामे रॅक. माल कुठे आहे? किती होता? खरेदीची बिलं? बिलं त्या फायलींत होती आणि फायली आम्ही डंपरमध्ये घातल्या होत्या. काम सुरू करण्याआधीचे आमच्याकडे अकरा फोटो निघाले. अकराच्या अकरा फोटोंत आम्हीच पुढे, अंगठा वर केलेले, आणि आमच्या डोक्यांमागे रॅकचे तुकडे. आप्पांनी ते मोठे करून छापून आणले, घाऊक व्यापाऱ्याला फोन करून जुन्या बिलांच्या प्रती मागवल्या, शेजारच्या दोन दुकानदारांच्या सह्या घेतल्या. शेवटी काकांना काहीतरी मिळालं. किती, ते विचारायचं धाडस मला आजतागायत झालेलं नाही.

काका आम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

म्हणून हे जरा लांबण लावून सांगते. कंटाळा आला तरी वाचा.

पूर ओसरल्यावर सरकारी मदत पंचनाम्यावर ठरते. गावात तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतात, शहरात महसूलचे आणि नगरपरिषदेचे लोक. त्या वर्षी दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के किंवा जास्तीत जास्त ५० हजार, टपरीवाल्याला जास्तीत जास्त १० हजार, असं सरकारने जाहीर केलं होतं. आता ‘नुकसानीच्या’ हा शब्द बघा. नुकसान किती हे कोणीतरी डोळ्यांनी बघून कागदावर मांडणार, आणि त्याने बघण्याआधीच आपण ते साफ करून टाकलेलं असतं. विम्याचं तर याहून कडक. आपल्याला जो कचरा दिसतो, तोच त्या माणसाचा पुरावा असतो.

त्यामुळे दारात उभं राहून आधी दोन प्रश्न विचारा: पंचनामा झाला का, विमा आहे का. मालक ‘जाऊ दे रे, टाका सगळं’ म्हणेल. तीन दिवस न झोपलेला माणूस तसंच म्हणतो, त्याचं ऐकू नका. निदान अर्धा तास ऐकू नका. त्या अर्ध्या तासात फोटो काढा. पहिला फोटो बाहेरून, दुकानाची पाटी दिसेल असा. मग पाटीपासून सुरू करून आत जाणारा एक सलग व्हिडिओ, मध्ये न तोडलेला. भिंतीवर पाण्याची रेघ असते, तिथे टेप लावून आकडा दिसेल असा फोटो. प्रत्येक रॅक समोरून. फ्रिज, मशीन, मोटर असेल तर त्यावरची नंबरची पट्टी पुसून तिचा जवळून फोटो. आणि कृपा करून फोटोत तुम्ही नको. सेल्फीचा मला आधीपासून राग होता असं नाही. मी स्वतः त्या अकरा फोटोंत आहे.

मग वहीत यादी. काय, किती नग, अंदाजे भाव. मालक सांगेल तसं लिहायचं, आपल्या मनाने वाढवायचं नाही आणि कमीही करायचं नाही. खाली मालकाची आणि दोन शेजाऱ्यांची सही, तारीख. प्रत्येक प्रकारच्या मालातले एक-दोन नग गोणीत बांधून माळ्यावर ठेवा. विमा असेल तर मालकाला आधी कंपनीला फोन करायला लावा आणि माल हलवला तर चालेल का ते विचारून घ्या. जमलं तर उत्तर मेसेजवर मागा.

आणि ओला कागद एकही टाकायचा नाही. बिलबुक, खतावणी, सातबारा, पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला, एलआयसीची पॉलिसी, सगळं एका टबमध्ये बाजूला. ओली पानं सोडवायला जाऊ नका, फाटतात. सावलीत, वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये ठेवून, वारा लागेल असं वाळवा. त्याच पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचीही पुस्तकं भिजली होती. पाण्यातल्या कागदाचं काय होतं, हे तिथल्या लोकांना माझ्याहून चांगलं माहीत आहे.

याचा अर्थ चिखल तसाच ठेवून तलाठ्याची वाट बघत बसायचं, असा अजिबात नाही. उन्हाची तिरीप आली की तो गाळ दोन दिवसांत दगडासारखा होतो आणि मग फावडंही आत जात नाही. मेलेली जनावरं, कुजलेलं धान्य, नासलेली औषधं लगेच हलवावी लागतात, त्यात चालढकल नको. फोटो, यादी, सह्या, की मग घमेली उचला. अर्ध्या तासाचं काम आहे. आम्ही तो अर्धा तास वाचवला होता.

अजून एक, ‘काका, तुम्हाला नक्की मिळतील पैसे’ हे वाक्य तोंडातून काढू नका. देणारे आपण नाही. फॉर्म भरून द्या, झेरॉक्स काढून आणा, तहसीलच्या रांगेत त्यांच्यासोबत उभे राहा. आकडा बोलू नका.

आता बाकीचं भराभर.

सँडल. बाजारपेठेतल्या चिखलात काच असते, पत्रा असतो, खिळे असतात. माझा तळवा दुसऱ्याच दिवशी कापला, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं आणि टीममधला एक मुलगा माझ्यामागे आरोग्य शिबिरात अडकला. म्हणजे मदतीला गेलेल्या सहांतले दोघे कमी. गमबूट आणि जाड हातमोजे नसतील तर गाडीत बसू नका, हे मी आता सरळ सांगते. पायाला जखम असेल तर पुराच्या पाण्यात उतरायचंच नाही, लेप्टो म्हणजे उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारा ताप होतो. त्यासाठी डॉक्सीसायक्लिनची गोळी देतात, पण ती आरोग्य विभागाच्या डॉक्टरला विचारून घ्यायची, ग्रुपवर आलेला डोस वाचून नाही. आणि आपल्या हाताने ती कोणाच्या मुलांना किंवा गरोदर बाईला तर मुळीच वाटायची नाही.

पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स घेऊन सगळे येतात. मदतकार्यात जगभर जो हिशेब धरतात तो माणशी दिवसाला किमान १५ लिटरचा आहे, पिणं, स्वयंपाक आणि अंगधुणं धरून. म्हणजे पाच जणांच्या घराला ७५ लिटर. लिटरच्या बाटल्यांनी ते कधी भागायचं? टँकर कुठवर येतो, तिथून आत पाणी न्यायला ड्रम आणि कॅन आहेत का, विहिरीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली का, घरात पिण्याच्या पाण्यात टाकायच्या मेडिक्लोरची बाटली पोचली का, हे बघणारी दोन पोरं शंभर बॉक्सपेक्षा उपयोगाची. जुन्या कपड्यांबद्दल मी काही लिहित नाही, तुम्हाला माहीत आहे. तरी आणालच.

किटचं वाटप रस्त्याकडेच्या वस्तीत करून परत फिरू नका. मोठ्या रस्त्यावरच्या घरात तेलाच्या पाच पिशव्या जमतात आणि आतल्या वाडीत एकही गाडी गेलेली नसते. निघण्याआधी जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करा, सरपंचाला करा, कुठे कोणी गेलं नाही ते विचारा. ‘सध्या येऊ नका’ असं उत्तर आलं तर घरी बसा. हे सगळ्यात अवघड जातं. पण घरी बसूनही काम असतं: याद्या एकत्र करणं, रेशनकार्डच्या नंबरावरून दुबार नावं काढणं, कोणाचं बँक खातं आधारला जोडलेलं नाही ते फोन करून शोधणं. आमच्यातली एक मुलगी दम्यामुळे आलीच नाही. तिने खोलीत बसून केलेल्या यादीवर नंतर दोन संस्था चालल्या. ती अजूनही म्हणते, ‘मी कुठे काय केलं.’

शिकायचं कुठे, हाही प्रश्न असतो. रेडक्रॉसच्या जिल्हा शाखा आहेत, कॉलेजांत युवा रेडक्रॉस असते. पंथ, पक्ष न बघता ज्याची गरज जास्त त्याला आधी, हे त्यांचं तत्त्व पाठ करण्यापेक्षा वाटपाच्या रांगेत पाळून बघा, मग कळतं किती जड आहे ते. रेडक्रॉसची कल्पनाच एका व्यापाऱ्याला सुचली. १८५९ मध्ये हा व्यापारी, आंरी द्युनां, इटलीतल्या सोल्फेरिनोच्या लढाईनंतर तिथे पोचला तेव्हा जखमींना पाणी पाजत होत्या त्या जवळच्या गावातल्या बायका. माझं मत असं की अजूनही तसंच आहे. आपण पोचेपर्यंत निम्मं काम शेजाऱ्यांनी केलेलं असतं, आपण त्यांच्या हाताखालचे. सरकारच्या आपदा मित्र योजनेतलं प्रशिक्षण मिळालं तर ते जरूर करा. कॉलेजातल्या एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजना) वर्षाच्या १२० तासांसाठीच येणार असाल तरी या. पण तास मोजायचं घड्याळ चिखलात काढू नका. प्रमाणपत्राची चौकशी पहिल्याच दिवशी करणाऱ्याला मी किटच्या पिशव्या भरायला बसवते.

मार्गदर्शकांबद्दल माझा नियम आहे: जो स्वतः फावडं धरत नाही त्याचं ऐकायचं नाही. अडचण एवढीच की आप्पांनी कधीच फावडं धरलं नाही. गुडघे गेलेले. दिवसभर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ते लोकांचे अर्ज तपासायचे आणि आमच्यावर ओरडायचे. तेव्हा नियम तुमचा तुम्ही बनवा.

परत आल्यावर दोन-तीन आठवडे काही सुचत नाही. घरातलं कोरडं अंथरूण टोचतं. माझं झालं, माझ्याबरोबरच्यांचं झालं, तुमचंही होईल, त्यात वेडंवाकडं काही नाही. कोणाशी तरी बोला. चुका होणार. माझ्यासारखी मोठी चूक झाली तर लपवू नका, त्याच दिवशी टीममधल्या जाणत्याला सांगा. आम्ही बुधवारपर्यंत गप्प बसलो असतो तर ते अकरा फोटोही कोणीतरी डिलीट केले असते.

दिवाळीत मी त्या दुकानात जाऊन आले. काकांनी दोन वह्या घ्यायला लावल्या आणि पैसे घेतले, याचं मला फार बरं वाटलं. रॅक आता छतापर्यंत आहेत. भिंतीवर त्यांनी ऑइलपेंटने दोन रेघा मारल्यात, २००५ ची आणि तिच्या वर २०२१ ची.

मे संपत आला की मी सॅक भरते. गमबूट, हातमोजे, वही, बॉलपेन, मार्कर, जुनी वर्तमानपत्रं, पॉवर बँक, टेप. टेप पाच मीटरची घ्या. तीनची कमी पडते.