उरलेली लोकर आधी काट्यावर ठेवा, मग सुया घ्या

माळा आवरताना लोकरीची पिशवी निघतेच, लेबलं कधीच गायब, आणि आपण उत्साहात टाके घालून बसतो आणि शेवटच्या वीतभरात लोकर संपते. मग तुळशीबागेत धावा, तिथे रंग अगदी सेम वाटतो आणि घरी उजेडात बघावं तर छटा वेगळी, कारण लॉट (एकाच वेळी रंगवलेला माल) बदलला की रंग बदलतोच.

त्यापेक्षा किचनमधला डिजिटल काटा घ्या. समजा गुंडा 60 ग्रॅमचा आहे, तर तिरका स्कार्फ टोकापासून सुरू करायचा, एका बाजूने टाके वाढवत जायचं आणि गुंडा 32 ग्रॅमवर आला की ज्या हिशोबाने वाढवले त्याच हिशोबाने कमी करत यायचं, वरचे 2-4 ग्रॅम टाके बंद करायला आणि टोकं लपवायला. मोजमाप काही नाही, लोकर संपते तिथे स्कार्फ संपतो. पुण्याच्या थंडीत सकाळी गाडीवर गळ्याभोवती एवढा पुरतो.

आणि गरम भांड्याखाली ठेवायला क्रोशाचं काही करणार असाल तर आधी धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून बेसिनवर जाळून बघा. वितळून कडक काळा मणी झाला तर ॲक्रिलिक, ते गरम कुकरखाली अजिबात नको, चिकटेल! जळक्या केसांचा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे खरी लोकर, कागदासारखं भुरकन जळलं तर सुती. ही दोन्ही चालतात.