बाळंतिणीचे ऐकून घेताना

बाळंतपणानंतरच्या सव्वा महिन्यात डिंकाचे लाडू, शेक, मालिश, बाळाची अंघोळ यांची घरात चोख व्यवस्था असते. बाळंतिणीच्या मनात काय चालले आहे, हे विचारण्याचे काम मात्र बहुधा कोणाकडेच सोपवलेले नसते. तिची आई, नवरा किंवा सासू यांपैकी ज्याच्याशी ती मोकळेपणाने बोलते, त्या व्यक्तीने ते ठरवून अंगावर घ्यावे.

भेटायला येणाऱ्यांची वर्दळ नसताना, बाळ पिऊन झोपल्यावर तिच्याजवळ बसावे. ‘दूध पुरते का?’, ‘बाळ रात्री झोपते का?’ हे प्रश्न बाळाविषयीचे झाले. तिच्याविषयी विचारायचे तर ‘बाळ झोपल्यावर तरी तुला झोप लागते का?’ असे विचारावे, कारण बाळ शांत असूनही आईचा डोळा लागत नसेल, तर त्याचे कारण केवळ जागरण नसते.

‘मला याचं रडणं नकोसं झालंय,’ असे ती म्हणाली, तर ऐकणारा घाबरतो आणि ‘असं बोलू नये, देवानं सोन्यासारखं बाळ दिलंय,’ असे म्हणून मोकळा होतो. माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान याच वाक्याने होते. पुन्हा ती मनातले बोलत नाही. त्याऐवजी ‘कधीपासून असं वाटतंय?’ एवढेच विचारून थांबावे. ती रडली तर रडू द्यावे, आपल्या काळातल्या बाळंतपणाच्या हकिकती सांगू नयेत आणि तिने सांगितलेले तिला न विचारता नातेवाइकांत बोलू नये. मुलगी झाली म्हणून घरात कोणी नाराजी बोलून दाखवली असेल, तर ती तिच्या कानावर गेलेलीच असते. तो विषय तिने काढला की सारवासारव न करता तिचे म्हणणे खरे मानावे. त्यानंतर रात्रीची दुपटी बदलण्यासारखे एखादे काम आपल्याकडे घ्यावे, म्हणजे तिला सलग काही तास झोप मिळेल.

पहिल्या काही दिवसांत अकारण रडू येणे, चिडचिड होणे पुष्कळ जणींना होते आणि साधारण 2 आठवड्यांत ते ओसरते. त्यानंतरही उदासी टिकली, किंवा वर्षभरात पुढे कधीही सुरू झाली, तर डॉक्टरांकडे न्यावे. बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी 1987 साली तयार झालेल्या एडिनबरो प्रश्नावलीतील 10 प्रश्नांवरून गेल्या 7 दिवसांतील मनःस्थितीचा अंदाज घेता येतो. निदान मात्र डॉक्टरच करतात. रक्तक्षय आणि थायरॉईडचीही तपासणी करून घ्यावी. आशाताई 42 व्या दिवसापर्यंत घरी येतात, तेव्हा त्यांना बाळंतिणीशी एकटीशी बोलू द्यावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते.

जिवाचे बरेवाईट करण्याचे किंवा बाळाला इजा करण्याचे विचार, भास, असंबद्ध बोलणे, झोपेची गरजच न वाटणे, यांपैकी काहीही आढळले तर दृष्ट काढण्यात वा अंगारे-धुपाऱ्यांत वेळ न घालवता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे, तोवर तिला एकटे सोडू नये आणि बाळाजवळही दुसरे कोणी असावे. ती अंगावर पाजते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्यानुसार औषध निवडता येते.