‘धामण म्हणजे नागाची मादी’: सापांच्या नर-मादीबद्दलच्या या चुका टाळा

पाऊस लागला की नागपुरात साप पकडणाऱ्यांचे फोन थांबत नाहीत. मीही त्यातलाच. एक फोन तर दरवर्षी ठरलेला असतो: “भाऊ, लवकर या, अंगणात नाग-नागीण खेळून राह्यले!”

जाऊन पाहावं तर दोन लांबलचक धामणी. दोराला पीळ घालावा तशा एकमेकांत गुंतलेल्या, पुढचं अंग जमिनीपासून उचललेलं, एक वर चढला की दुसरा त्याची मान खाली दाबतो. तिथे नाग नसतो आणि मादीही नसते. दोन नरांची ती कुस्ती असते. कमी पडलेला निघून जातो, चावाचावी होत नाही. सापांचं मीलन त्यामानाने शांत असतं: मादी जमिनीवर पसरलेली, नर तिच्या पाठीवरून सरकत शेपटीला शेपटी भिडवतो. बघायला मिळालं तर लांबून बघा. त्यांच्यावर नवं कापड टाकून ते घरात ठेवलं की भरभराट होते, या समजुतीच्या नादात जवळ जाऊ नका, खेळणारे कधी खरेच नागही असतात.

धामण ही नागाची मादी, हा समज आपल्या भाषेतून आला असावा. नाग ‘तो’, धामण ‘ती’, जोडी लावून मोकळे. पण धामण ही बिनविषारी, वेगळी जात आहे. तिच्यात नर असतात, मादी असतात, आणि नागांतही तसंच. या दोघांची जोडी जमत नाही. ‘घोणस’, ‘मण्यार’ हेही स्त्रीलिंगी शब्द आहेत, म्हणून दारात आलेली घोणस मादीच असेल असं नाही.

मग ठरतं कसं? माणसात बापाकडून एक्स की वाय गुणसूत्र आलं यावर मुलगा-मुलगी ठरते. नाग, घोणस, मण्यार यांच्यात उलटं आहे. नराकडे दोन्ही गुणसूत्रं सारखी, झेड-झेड. मादीकडे झेड आणि डब्ल्यू. म्हणजे पिल्लू नर की मादी हे आईच्या अंड्यातच ठरून गेलेलं असतं. या डब्ल्यू गुणसूत्राशी आपल्या देशाची एक मोठी गोष्ट जोडलेली आहे. शास्त्रज्ञ लालजी सिंग आणि सहकाऱ्यांनी पट्टेरी मण्यारच्या मादीच्या डीएनएमधून वारंवार येणारा, डब्ल्यूवर दाटीने असलेला एक तुकडा वेगळा केला, ते काम १९८० मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे हैदराबादला त्याच धाग्यावरून भारतीय डीएनए फिंगरप्रिंटिंग, म्हणजे डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत, उभं राहिलं. ही पट्टेरी मण्यार आपल्या विदर्भात आढळते, आणि आपण तिला दिसेल तिथे काठीने ठेचतो. फार वाईट वाटतं.

सगळ्याच सापांना झेड-डब्ल्यू लावणं हीसुद्धा चूक. २०१७ मध्ये बोआ नावाचा अजगरासारखा साप आणि ब्रह्मदेशी अजगर यांच्यात माणसासारखी एक्स-वाय पद्धत असल्याचं दिसून आलं.

आता उन्हाळ्याचा घोळ. “नागपूरला पारा पंचेचाळीसच्या वर जातो, मग सापाच्या अंड्यांतून सगळ्या माद्याच निघत असतील ना?” असं एका शाळेत मुलीने विचारलं होतं. तिने कासवांबद्दल वाचलं होतं आणि ते खरंच होतं. शार्निये या फ्रेंच संशोधिकेने १९६६ मध्ये एका सरड्यात दाखवलं की अंडं किती तापमानात उबतं त्यावर पिल्लाचं लिंग ठरू शकतं. समुद्री कासवांत ऊबदार वाळूतून माद्या, थंड वाळूतून नर. आपल्या गोड्या पाण्यातल्या मगरीत ३१ अंशांपर्यंत सगळ्या माद्या, साडेबत्तीसच्या आसपास नर. उबवणीच्या काळाचा मधला एक-तृतीयांश भाग यात निर्णायक असतो, आणि मोजायचं ते घरट्यातलं तापमान, हवेतलं नाही. पण सापांत हा हिशोब चालत नाही. अजगराची मादी अंड्यांना वेढा घालून थरथरत त्यांना ऊब देते, ती पिल्लं नीट वाढावीत म्हणून. मऊ पाठीच्या कासवांतही लिंग गुणसूत्रच ठरवतं, म्हणून ‘सगळी कासवं’ असंही म्हणू नका.

अंडी सापडली तर सगळ्यांत मोठी चूक म्हणजे ती उलटी करणं. कोंबडीचं अंडं फिरवतात, सापाचं नाही. गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला वरच्या अंगाला चिकटतो, उलटवला तर मरू शकतो. मुळात हलवूच नका. १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर कळवा. हलवावीच लागली तर जाणकार माणूस आधी पेन्सिलने वरच्या बाजूला हलकी खूण करतो आणि ती खूण वरच ठेवून उचलतो.

नर-मादी ओळखायला शेपूट दाबून बघणं तर अजिबात नको. नराची जननेंद्रियं शेपटीच्या मुळाशी आत दुमडलेली असतात, म्हणून त्याची शेपूट लांब आणि मुळाशी जाड. मादीची आखूड, लवकर निमुळती. पण दाबल्याने त्याला कायमची इजा होऊ शकते, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने साप हाताळणं गुन्हा ठरू शकतो.

एकाच सापाबद्दल मी न बघता सांगतो. कुंडीतली माती उकरताना काकू ओरडतात, “गांडूळ हाय की साप?” वीतभर, काळपट, चकचकीत, डोळे म्हणजे दोन ठिपके. तो वाळा. मादीच असतो. त्यांच्यात नर नसतोच, गुणसूत्रांचे तीन संच घेऊन एकटी मादी नराशिवाय अंडी घालते आणि त्यातून पुन्हा माद्याच निघतात. निरुपद्रवी आहे, मुंग्या-वाळवीची अंडी खातो. हलक्या हाताने परत मातीत सोडा, वर थोडं पाणी शिंपडा.