नदी राखणाऱ्या संस्थेत माणसं कोणती हवीत आणि त्यांनी काय करायचं

नदीकाठचा कचरा उचलायला रविवारी हौसेनं येणारी माणसं मिळतात. त्याच नदीच्या पाण्याचा नमुना दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळी घेणारी माणसं मिळवावी लागतात, शिकवावी लागतात आणि टिकवावी लागतात. संस्थेचा कणा ही दुसरी माणसं. इथे पुण्याच्या मुठेचं उदाहरण घेतलं आहे; पद्धत कुठल्याही शहरी नदीला लागू पडते.

लहान संस्थेला पाच जण पुरतात. दोघं पाण्यावर जाणारे, एक पाणी तपासणारा (रसायनशास्त्राचा पदवीधर असेल तर उत्तम), एक नोंदवही सांभाळणारा आणि एक अर्ज-पाठपुरावा करणारा. हिशेबाला अर्धवेळ माणूस चालेल. नमुना घेणारा आणि तपासणारा शक्यतो वेगळा ठेवा. आपणच घेतलेल्या नमुन्यातून काय निघणार याचा अंदाज मनात असला की ब्युरेटवरचा (थेंब मोजून घालायच्या काचेच्या नळीवरचा) आकडा नकळत तिकडे झुकतो.

पाण्यावर जाणारे दोघं

एकट्यानं कधीच जायचं नाही. पायात गमबूट, हातात कोपरापर्यंतचे हातमोजे, पायावर उघडी जखम असेल तर त्या दिवशी काठावरच थांबायचं. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस (जिवाणूंमुळे येणारा ताप) होऊ शकतो. नंतर ताप आला तर डॉक्टरांना नदीत उतरल्याचं आवर्जून सांगायचं. पावसाळ्यात निघण्याआधी खडकवासला धरणातून विसर्ग सुरू आहे का, ते बघायचं. सुरू असेल तर फेरी रद्द.

जागा एकदाच नीट ठरवा. एक जागा शहराच्या वर, म्हणजे मुठेसाठी खडकवासल्याच्या खाली. बाकीच्यांची तुलना तिच्याशी होते. पुढे विठ्ठलवाडी, संगम पूल, बंडगार्डन. एखाद्या नाल्यावर बोट ठेवायचं असेल तर तीन ठिकाणं हवीत: नाला मिळण्याआधी वरच्या अंगाला, नाल्याच्या तोंडाशी आणि खाली. चूक होते ती खालच्या जागेत. नाल्याचं पाणी बरंच अंतर एकाच काठाला धरून वाहतं. म्हणून खाली दोन्ही काठांना आणि मधोमध विद्युतवाहकता मोजा. तिन्ही आकडे जुळले तरच पाणी मिसळलंय असं धरा, नाहीतर आणखी खाली सरका.

वेळही तीच ठेवा. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्री तो वापरतं, त्यामुळे एकाच जागी पहाटे आणि दुपारी तीन वाजता आकडा खूप वेगळा येतो. सकाळी आठची फेरी एका महिन्यात दुपारवर गेली, तर नदी सुधारली असा खोटा आनंद होतो.

पाण्यात उभं राहिल्यावर तोंड प्रवाहाकडे, बाटली आपल्या पुढे, म्हणजे पायानं उठलेला गाळ मागे वाहून जातो. वरचा तवंग टाळून वीतभर खोलीवरून पाणी घ्या. साधी बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा. जिवाणू तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र अजिबात विसळायची नाही, तोंडाला बोट लावायचं नाही, वर थोडी जागा रिकामी ठेवायची. ती लगेच बर्फाच्या पेटीत ठेवा आणि सहा तासांत प्रयोगशाळेत पोचवा.

विरघळलेला प्राणवायू

ही तपासणी स्वतः करा. खर्च थोडा आणि नदीची तब्येत यातून लवकर कळते. ३०० मिलीची काचेची बीओडी बाटली घ्या (बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू). पुलावरून बादलीनं पाणी काढून बाटलीत ओतलं तर ओतण्यातच हवा मिसळते आणि मेलेल्या पाण्यातही प्राणवायू दिसतो. बादली लागलीच तर रबरी नळी बाटलीच्या तळापर्यंत घालून पाणी सावकाश भरा आणि बाटलीच्या दुप्पट पाणी ओसंडू द्या. बूच तिरकं सरकवत लावा; आत एकही बुडबुडा नको.

तिथेच काठावर १ मिली मँगनस सल्फेट आणि १ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड घाला, पिपेटचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली नेऊन. बूच लावून बाटली उलटसुलट करा. तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर नाही, आणि मुठेसारख्या नदीत तो पांढरा साका बघायची तयारी ठेवावी लागते. साका अर्धा खाली बसला की पुन्हा हलवा, पुन्हा बसू द्या. मग १ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल, डोळ्यांवर चष्मा लावूनच. पाणी पिवळं-तपकिरी होतं. बाटली अंधारात ठेवून आठ तासांच्या आत पुढचं काम करा.

२०१ मिली मोजून घ्या आणि ०.०२५ नॉर्मल (हे ताकदीचं माप) सोडियम थायोसल्फेटनं टायट्रेशन करा, म्हणजे रंग जाईपर्यंत ते ब्युरेटमधून थेंब थेंब घाला. रंग फिकट गवतासारखा झाला की मगच स्टार्च घाला. आधी घातलं तर शेवटचा बिंदू लांबतो. निळा रंग पहिल्यांदा गेला तोच आकडा, नंतर परत आला तरी मोजायचा नाही. जितके मिली लागले तितके मिलिग्रॅम प्रति लिटर. थायोसल्फेट महिनाभर पडून राहिलं तर ताकद बदलते, म्हणून प्रत्येक फेरीआधी प्रमाणित करून, म्हणजे त्याची नेमकी ताकद तपासून घ्या. नाल्याच्या तोंडाशी, जिथे सल्फाइडचा वास येतो, तिथे या पद्धतीवर भिस्त ठेवू नका. अझाइड विषारी आहे. उरलेलं पाणी वेगळ्या कॅनमध्ये साठवा, नदीत ओतू नका.

आकडा वाचताना तापमान हवंच. २५ अंशांना स्वच्छ पाणी सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू धरतं, ३० अंशांना ७.६ च्या आसपास. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत अंघोळीच्या पाण्यात किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा आणि बीओडी ३ च्या वर नको. बीओडी बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घ्या. अहवालावर ‘२७ अंश, ३ दिवस’ लिहिलंय की ‘२० अंश, ५ दिवस’, हे बघितल्याशिवाय तुलना करू नका.

नोंदवही

पाचांतलं सर्वांत मोलाचं माणूस हे. शिवलेली, पानांवर आकडे छापलेली वही घ्या, सुटे कागद नकोत. तारीख, वेळ, जागा, पाण्याचं तापमान, आदल्या दोन दिवसांचा पाऊस, जलपर्णी किती, वास, फेस, बाटलीचा क्रमांक, दोघांच्या सह्या. चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला सही; खोडरबर नाही. दहा नमुन्यांमागे एक नमुना दुहेरी घ्या आणि तपासणाऱ्याला तो कोणता ते सांगू नका.

अर्ज आणि पाठपुरावा

आपला नमुना खटल्यात पुरावा म्हणून चालेल असं समजू नका. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ नुसार तो प्रदूषण नियंत्रण मंडळानं किंवा मंडळाच्या अधिकाऱ्यानं, कारखानदाराला सूचना देऊन, दोन भाग करून, सीलबंद करून घ्यावा लागतो. आपल्या वहीचा उपयोग वेगळा: कुठे आणि कुठल्या वेळी यायचं हे अधिकाऱ्याला नेमकं सांगता येतं. ‘नदी घाण आहे’ या तक्रारीला उत्तर मिळत नाही. ‘अमुक पुलाखाली डाव्या काठाला, गेल्या चार फेऱ्यांत सकाळी आठला प्राणवायू १ च्या खाली’ ही तक्रार टाळणं अवघड जातं.

माहिती अधिकारात १० रुपये भरून मैलापाणी शुद्धीकरण केंद्राचं संमतीपत्र (मंडळानं ते चालवायला दिलेली परवानगी) आणि तिथे येणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या पाण्याचे अहवाल मागा; उत्तराची मुदत ३० दिवस. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे (पर्यावरणाचे वाद तिथे चालतात) त्याच्या कायद्याच्या कलम १४ खाली जायचं तर वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने मिळतात, वर पुरेशा कारणानं साठ दिवस. ही तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. विश्वस्त बदलले तर बदल अर्ज ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे द्या.

माणूस बदलताना

नव्या माणसानं जुन्याबरोबर तीन फेऱ्या कराव्यात आणि एकाच जागेच्या दोन बाटल्या दोघांनी वेगवेगळ्या तपासाव्यात. आकड्यांत ०.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फरक राहिला तर नव्याची सही वहीत घेऊ नका, चौथी फेरी लावा.