स्लॉट कार घेताय? आधी चादर उचला!

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकवर पळणारी विजेवरची खेळण्यातली गाडी, रिमोटची नव्हे, हे आधीच सांगून टाकतो कारण आमच्या घरी येणारा प्रत्येकजण तेच विचारतो. ट्रॅकला खाच असते, गाडीच्या पुढच्या बाजूला खाली एक छोटी दांडी असते ती त्या खाचेत बसते, आणि खाचेच्या दोन्ही अंगाला धातूच्या पट्ट्या असतात त्यातून मोटरला करंट जातो. स्टिअरिंग नाहीच. हातात फक्त ट्रिगर, जेवढा दाबाल तेवढा स्पीड. ब्रिटनमध्ये १९५७ साली स्केलेक्स्ट्रिक नावाचा स्लॉट कारचा ब्रँड आला तेव्हापासून मूळ गंमत हीच आहे.

नवीन माणसानं १:३२ स्केलचा (म्हणजे गाडी खरीच्या बत्तीसाव्या भागाएवढी) साधा दोन लेनचा सेट घ्यावा. ६ बाय ४ फुटांचं टेबल असलं की छोटा ट्रॅक आरामात बसतो. डिजिटल सेटमध्ये एकाच खाचेत जास्त गाड्या पळतात, लेन बदलता येते, पण ते नंतर बघा. आणि एक, वेगवेगळ्या कंपन्यांचे ट्रॅक सहसा एकमेकांना जुळत नाहीत, त्यामुळं स्वस्त मिळाला म्हणून काहीही उचलू नका.

कुणी अमेरिकेतून सेट आणला तर अडॅप्टरवरचं बारीक अक्षर वाचा. माझ्या अडॅप्टरवर १२० व्होल्ट लिहिलेलं होतं, मी आपल्या २३० ला लावला, दोन सेकंदात वास आला आणि संपलं. नवा घेताना आउटपुटचे व्होल्ट आणि अँपिअर जुन्यासारखेच बघून घेतले, तसंच करा.

आता सोलापूरचा खास प्रॉब्लेम. मी पहिल्यांदा ट्रॅक जमिनीवर चादर अंथरून मांडला, म्हटलं मऊ राहील, आपल्याच गावची चादर! चार दिवसांत गाडी रडायला लागली, उलटी करून बघितली तर मागच्या अ‍ॅक्सलला आणि गिअरला लाल-हिरवे धागे गुंडाळलेले, चिमट्यानं एकेक ओढून काढायला अर्धा तास गेला. त्यात आपली धूळ. म्हणून ट्रॅक टेबलावरच, आणि खेळायच्या आधी जुन्या बनियनच्या कापडानं पुसायचा. टॉवेलनं नको, त्याचेही धागे सुटतात. टायर चिकटपट्टीच्या चिकट बाजूवर फिरवले की कचरा निघतो आणि पकड परत येते. गाडीखाली ट्रॅकमधून करंट घेणाऱ्या तांब्याच्या जाळीच्या दोन पट्ट्या असतात, त्या किंचित खाली वाकवून टोकं जराशी पसरवा, पण दोन्ही एकमेकींना टेकल्या तर शॉर्ट! तेल अ‍ॅक्सलला एकच थेंब, जास्त झालं तर टायरवर उडतं.

चालवायचं म्हणाल तर वळणात शिरल्यावर ट्रिगर सोडून उपयोग नाही, वळण यायच्या आधीच ट्रिगर सोडा आणि अर्धं वळण झालं की हळूहळू दाबत बाहेर या. मित्र पहिल्या दिवशी आला, ट्रिगर फुल दाबला, गाडी थेट सोफ्याखाली. "काय बे, ब्रेक नाही का हिला?" सगळ्या गाड्यांना नाही पण बऱ्याच गाड्यांना खाली मॅग्नेट असतं, ते ट्रॅकच्या पट्टीला ओढून धरतं म्हणून वळणावर सहजासहजी उडत नाही. शिकताना असू द्या. सरावल्यावर काढून बघा, मागचा भाग घसरतो ते बघण्यात वेगळीच मजा.

साध्या गोल ट्रॅकवर आतली लेन छोटी असते, म्हणून रेस दोनदा, लेन बदलून. उडालेली गाडी परत लावायला एकजण उभा पाहिजे. आमच्याकडं हरलेला तो, आणि भजीही त्याच्याच खर्चानं.