समाजमाध्यमांवरचे सहशिक्षक: नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांसाठी काही अनुभव

शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला पहिल्याच आठवड्यात कोणी ना कोणी दोन-चार ग्रुपमध्ये सामील करून घेते. त्यांतून वेळापत्रकातले बदल, परिपत्रके, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि कुठून तरी पुढे पाठवलेले सुविचार येत राहतात. हे गट आवश्यक आहेत, पण त्यांच्यात असणे म्हणजे सहकार्य करणे असे मानू नये. एका वर्गात अडलेली गोष्ट दुसऱ्या वर्गात शिकवणाऱ्यापुढे मांडली गेली, त्याने सुचवलेले करून पाहिले गेले आणि त्याचे काय झाले हे त्याला कळवले गेले, की सहकार्य सुरू होते. या तीन पायऱ्यांपैकी तिसरी बहुतेक जण गाळतात.

दूरच्या, न पाहिलेल्या शिक्षकांना प्रश्न का विचारावा, हा रास्त प्रश्न आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे मांडले होते, की नवी माहिती आपल्यापर्यंत पोहोचवण्यात दूरच्या ओळखींचा मोठा वाटा असतो, कारण जवळच्या माणसांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊकच असते. शिक्षककक्षाला हे तंतोतंत लागू पडते. तेच पाठ्यपुस्तक, तीच मुले आणि वर्षानुवर्षांच्या त्याच समजुती घेऊन बसलेल्या सहकाऱ्यांकडून वेगळा विचार क्वचितच येतो. मात्र आलेला विचार आपल्या मुलांना मानवेल की नाही हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगू शकत नाही. म्हणून कल्पना बाहेरून घ्यावी आणि तिची पारख शाळेतल्यांसोबत करावी, असे मी नव्या सहकाऱ्यांना सांगतो.

प्रश्न कसा विचारला जातो यावर पुढचे जवळजवळ सगळे अवलंबून असते. ‘अपूर्णांक कसे शिकवावेत?’ असे विचारले, तर उत्तरादाखल पीडीएफचा ढीग आणि काही अंगठे मिळतात. मी आमच्या विषयगटात एकदा असे लिहिले होते: मुले १/८ हा १/६ पेक्षा मोठा मानतात, कारण ८ हा ६ पेक्षा मोठा आहे, आकृत्या काढून घेतल्या तरी त्यांचे मत बदलत नाही. यावर एका अनोळखी शिक्षिकेने उपाय न सुचवता उलट प्रश्न केला, की दोन्ही आकृत्यांमधली पूर्ण पट्टी सारख्याच लांबीची आहे का. वह्या पुन्हा पाहिल्यावर उलगडा झाला. चौकटीच्या वहीत मुलांनी षष्ठांशासाठी सहा चौकटींची आणि अष्टमांशासाठी आठ चौकटींची पट्टी घेतली होती, म्हणजे छेदाबरोबर पूर्णही वाढत होते आणि रंगवलेला एक भाग दोन्हीकडे एकाच चौकटीएवढा होता. चित्रातून काहीच ठरत नसल्यामुळे मुले पुन्हा छेदातल्या आकड्याकडे वळत होती. त्यानंतर सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या दिल्या. एक तीनदा निम्मी दुमडून आठ भाग केले आणि दुसरी आधी निम्मी, मग तीन घड्यांत दुमडून सहा. पट्ट्या एकाखाली एक ठेवल्यावर मुलांनी स्वतःच मत बदलले, जरी काहींनी ते संख्यारेषेवर आल्यावर पुन्हा सोडलेही.

हे शेवटचे वाक्यही गटात लिहिणे महत्त्वाचे आहे. अर्धवट यशाची अशी नोंद वाचूनच तोच घटक शिकवणारे इतर शिक्षक पुढे येतात आणि संख्यारेषेवर आपल्याकडे काय झाले ते सांगतात. फक्त यशाच्या गोष्टी टाकल्या जातात त्या गटात नवा माणूस प्रश्न विचारायला धजावत नाही. (छायाचित्रांनी सजवलेल्या ‘आदर्श’ पाठांविषयी माझे मत फारसे चांगले नाही, त्यांतून फलकलेखनाखेरीज काही शिकता येत नाही.) सुरुवातीला नुसते वाचत राहण्यात मात्र काहीच गैर नाही. माणसे कामातून कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये मांडल्याप्रमाणे नवखा माणूस कोणत्याही व्यवसायसमूहात कडेकडेनेच शिरतो आणि जाणत्यांचे काम पाहत हळूहळू मध्याकडे सरकतो. फक्त हे काठावर बसणे कायमचे होऊ देऊ नये.

मुलांच्या वह्यांची छायाचित्रे टाकताना विशेष काळजी घ्यावी लागते. वरच्या कोपऱ्यातले नाव व हजेरी क्रमांक, गणवेशावरचे बोधचिन्ह, मागे भिंतीवर टांगलेली गुणांची यादी, यांतले काहीही चौकटीत राहू देऊ नये. छायाचित्राच्या फाईलमध्ये ते कोठे काढले याची नोंदही असू शकते आणि फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जशीच्या तशी पाठवल्यास ती सोबत जाते. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मुलाने केलेली चूक आपल्या हाताने दुसऱ्या कागदावर उतरवून त्याचे छायाचित्र टाकणे. गट बंद असला तरी त्यातला मजकूर एका बोटाने बाहेर जाऊ शकतो, त्यामुळे एखाद्या मुलाच्या घरच्या परिस्थितीविषयी किंवा वर्तनाविषयी तेथे लिहूच नये. ती चर्चा शाळेतच व्हावी.

शाळेतल्या सहकाऱ्यांबरोबर काम करायला ग्रुपपेक्षा सगळ्यांना एकत्र लिहिता येणारा सामायिक ऑनलाइन दस्तऐवज अधिक उपयोगी पडतो. एकाच इयत्तेला शिकवणाऱ्यांनी पाठाचे टाचण त्यात लिहावे आणि तास झाल्यावर कोणत्या कृतीला किती वेळ लागला, कोठे मुले अडली, हे समासात टिपावे. जुन्या आवृत्त्या जतन होत असल्यामुळे कोणाचे लिखाण पुसले जाण्याची भीती उरत नाही. रात्री उशिरा येणाऱ्या संदेशांना लगेच उत्तर द्यायचे नाही हे मात्र सर्वांनी मिळून आधीच ठरवून घ्यावे, कारण नव्या शिक्षकाला एकट्याने नकार देणे जड जाते.

इतरांची कृतिपत्रिका वापरताना करणाऱ्याचे नाव तिच्यावर राहू द्यावे. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना (म्हणजे इतरांना साहित्य वापरू देण्याची निर्मात्याने आधीच दिलेली सशर्त परवानगी) दिलेल्या साहित्यावर त्याच्या अटी दिलेल्या असतात. ‘एनसी’ असे लिहिले असेल तर व्यापारी वापर करता येत नाही, आणि ‘एनडी’ असेल तर बदल केलेली प्रत पुढे वाटता येत नाही.

शेवटी साठवणुकीविषयी. शिक्षकांनी ज्यावर वर्षानुवर्षे साहित्य जमवले ती ठिकाणे टिकतातच असे नाही. २००८ मध्ये सुरू झालेले एडमोडो हे शाळांसाठीचे जाळे २०२२ मध्ये बंद झाले, तर स्वतःचे गट उभारू देणाऱ्या निंग या संकेतस्थळाने २०१० मध्ये आपली मोफत सेवा थांबवली, तेव्हा तेथील शिक्षकगटांना दुसरी जागा शोधावी लागली. म्हणून उपयोगी चर्चा त्याच आठवड्यात स्वतःच्या फाईलमध्ये उतरवावी. तिच्यात घटकाचे नाव, मूळ प्रश्न, सुचवलेली कृती, सुचवणाऱ्याचा उल्लेख आणि आपल्या वर्गात प्रत्यक्ष काय घडले एवढे असले, की पुढच्या वर्षी तोच घटक आल्यावर शोधाशोध करावी लागत नाही.