टेस्ट डेटाबेस की खरा? फाइल उघडताच कळू द्या

वागळे इस्टेट किंवा महाप्यातल्या एखाद्या वर्कशॉपचं बिलिंग मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या डेटाबेस सॉफ्टवेअरवर सांभाळत असाल, तर ही अडचण ओळखीची असेल: टेस्टचा आणि खरा डेटा दिसायला सारखाच, त्यामुळे चाचणीचं बिल खऱ्या बिलांत जाऊन बसतं आणि जीएसटी भरताना शोधाशोध होते.

१. एक छोटा फॉर्म बनवून त्यावर मोठं लेबल ठेवा. फाइल, ऑप्शन्स, करंट डेटाबेस इथे ‘डिस्प्ले फॉर्म’मध्ये तो निवडा.

२. फॉर्मच्या लोड इव्हेंटमध्ये, म्हणजे फॉर्म उघडताना चालणाऱ्या कोडमध्ये, कुठल्याही एका लिंक्ड (दुसऱ्या फाइलमधून जोडलेल्या) टेबलची ‘कनेक्ट’ प्रॉपर्टी वाचा. बॅकएंड फाइलचा, म्हणजे प्रत्यक्ष डेटा असलेल्या फाइलचा, पूर्ण पाथ त्यातच असतो. तो लेबलवर दाखवा.

३. पाथ खऱ्या फाइलशी तंतोतंत जुळला तरच फॉर्म पांढरा, नाहीतर लाल. पाथमध्ये ‘टेस्ट’ शब्द शोधत बसू नका. उद्या कुणी ‘कॉपी २’ नावाची फाइल जोडली, तर ती खरी म्हणून खपून जाईल.

एक सांभाळा: शिफ्ट दाबून फाइल उघडली की हा फॉर्म येतच नाही, आणि आपण डेव्हलपर मंडळी बहुतेकदा तशीच उघडतो. म्हणून रेकॉर्ड पुसणाऱ्या चाचणीच्या कोडमध्ये अगदी सुरुवातीलाच हाच पाथ पुन्हा तपासा.